वायर डिकीतच आहे

कुठलीही गाडी दारात उभी राहिली की मराठी माणूस तिच्याभोवती एक चक्कर मारतो, पुढच्या टायरला उगीचच बुटाचं टोक लावून बघतो आणि विचारतो, "किती देते?" गाडीचा रंग, ताकद, एअरबॅगा, छताची काच सरकते की नाही, हे सगळे पुरवणीतले प्रश्न. माझ्या गाडीपुरती या मुख्य प्रश्नाला दोन उत्तरं आहेत. कागदावर ती लिटरला 67 किलोमीटर देते. रस्त्यावर साडेबारा, तेही वाटेत उतार लागला तर.

यात कोणी कोणाला फसवलेलं नाही. गाडी प्लग-इन हायब्रिड आहे. तिला पेट्रोलची टाकी आहे आणि बॅटरीही. रात्रभर वायर लावून ठेवली, की दुसऱ्या दिवशी साठेक किलोमीटर ती विजेवर जाते, पेट्रोलचा थेंबही न जाळता. आणि एवढी गुपचूप, की पार्किंगमधली मांजरं दचकतात. माझं ऑफिस घरापासून 18 किलोमीटर. जाऊन-येऊन 36. म्हणजे हिशोबानं मी पेट्रोल पंपावर सणासुदीलाच दिसायला हवा. प्रत्यक्षात पंपावरची बाई मला काचेतून येताना पाहते, कितव्या पंपावर भरलं ते माझ्याआधी स्वतःच म्हणते आणि कॉफीच्या कार्डावर शिक्का मारून ठेवते.

त्यातून टाकी लहान. बॅटरीला जागा करायची म्हणून ती 40 लिटरचीच ठेवली आहे. बनवणाऱ्यांनी विचार केला असणार, वायर लावणाऱ्या माणसाला पेट्रोल लागून लागून लागणार किती? वर बॅटरी, मोटर आणि त्यांचा लवाजमा मिळून गाडीचं वजन दोन-अडीचशे किलोनं वाढलेलं. म्हणजे तीन धडधाकट माणसांच्या वजनाचा हा सगळा संसार मी रोज पेट्रोल जाळून ऑफिसला नेतो, दिवसभर तिथे उभा करतो आणि संध्याकाळी परत आणतो.

मी राहतो श्टुटगार्टजवळ. हा सगळा मुलूख मोटारींवर पोसलेला. पुण्याहून इथे आलेले इंजिनिअर इतके, की शनिवारी भारतीय दुकानात कोथिंबिरीपाशी "अहो, ती जुडी आम्ही धरली होती" असं शुद्ध मराठीत ऐकू येतं. ऑफिसनं गाडी निवडायला सांगितली तेव्हा मी पर्यावरणाचा फार विचार केला, असं मी बायकोला सांगितलं आहे. खरा विचार कराचा होता. जर्मनीत कंपनीची गाडी घरच्या कामालाही वापरत असाल, तर तिच्या छापील किमतीचा 1 टक्का दर महिन्याला तुमच्या पगारात धरतात आणि त्यावर कर कापतात. प्लग-इन हायब्रिड असेल तर अर्धाच टक्का. 60,000 युरोंच्या गाडीला 600 ऐवजी 300. ही सवलत 2019 पासून आहे. ती मिळायला कागदावर गाडीचा धूर पुरेसा कमी किंवा विजेवरचं अंतर पुरेसं जास्त असलं पाहिजे, एवढीच अट. वायर लावली का, हे कोणी बघायला येत नाही. शिवाय नंबरप्लेटच्या शेवटी इलेक्ट्रिकचा ‘ई’ मिळतो. मागून धूर निघत असतानाही तो तिथेच असतो.

आणि ते 67? प्रयोगशाळेत गाडीची बॅटरी काठोकाठ भरतात, रोलरवर ती संपेपर्यंत चालवतात, मग पेट्रोलवर एक फेरी मारतात आणि दोन्ही आकडे एका सूत्रात घालतात. मालक गाडी नियमित चार्जिंगला लावणार, हे त्या सूत्रात धरलेलं असतं. सूत्र मांडणाऱ्या साहेबांचा मनुष्यस्वभावावर एवढा विश्वास, की तेवढा हल्ली वधू-वर सूचक मंडळातही उरलेला नाही.

वायर गाडीबरोबरच मिळाली. काळी पिशवी, दोन बंदांची, आडवी चेन. आत वायरीचं वेटोळं, त्याला वेल्क्रोची पट्टी आणि त्या पट्टीला बांधलेलं एक पुठ्ठ्याचं लेबल: वापरण्यापूर्वी सूचना वाचा. लेबल अजून कोरं करकरीत आहे. पण पिशवीला आराम आहे, असं समजू नका. दर शनिवारी आम्ही पाण्याच्या बाटल्यांचे क्रेट आणतो. क्रेट डिकीत मावत नाहीत, कारण पिशवी. मग पिशवी बाहेर काढून ओल्या डांबरावर ठेवायची, क्रेट आत घालायचे, पिशवी क्रेटवर आडवी टाकायची. घरी पोचलं की पिशवी खाली, क्रेट खाली, पिशवी वर. सुट्टीला निघालो की बॅगा मावत नाहीत, मग पिशवी मागच्या सीटवर लेकीच्या मांडीवर. ऑस्ट्रियाला जाऊन आलेली, इटलीचा समुद्र पाहिलेली अशी ही वायर आहे. फक्त पॉइंट फारसा पाहिलेला नाही.

"घरीच ठेव ना ती," बायको म्हणते.

"आणि वाटेत चार्जिंगची वेळ आली तर?"

यावर ती माझ्याकडे ज्या नजरेनं बघते, ती नजर मी आजवर फक्त माझ्या सासऱ्यांच्या चेहऱ्यावर पाहिली होती, तीही लग्न ठरायच्या बैठकीत.

प्रयत्न केले नाहीत असं मात्र कोणी म्हणू नये. आमचा फ्लॅट पहिल्या मजल्यावर आणि गाडीची जागा बरोबर स्वयंपाकघराच्या खिडकीखाली. तेव्हा पिशवीतल्या वायरीला जोडायला घरातली जोडवायर आणली, रिळावर गुंडाळलेली, लालभडक. मिक्सर काढला, त्या पॉइंटला रीळ लावलं, वायर खिडकीतून खाली सोडली. घरच्या पॉइंटवरून गाडी भरायला सहाएक तास लागतात. अर्ध्या तासात आतून हाक आली, "मला चटणी वाटायची आहे, गाडी काढ." मी गाडी शेजारच्या पॉइंटवर नेली. तिथे किटली होती. किटली, मिक्सर आणि दोन टनांची गाडी या तिघांनी मिळून एकाच वेळी वीज मागितल्यावर घराचा फ्यूज उडाला आणि अंधारात चटणीचं भांडं कोणाच्या तरी कोपराला लागलं. कोणाच्या, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही.

सकाळी गाडीच्या काचेवर चिठ्ठी. आमच्या वरच्या मजल्यावर एक आजोबा राहतात, पक्के श्वाबी, म्हणजे याच मुलखातले. श्वाबी माणूस सबंध जर्मनीत दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध आहे, काटकसर आणि केरसुणी. इकडे ‘केरवोखे’ असते: ज्या घराची पाळी त्याच्या दाराला आठवडाभर पाटी लटकते, आणि त्या घरानं जिना, अंगण, फुटपाथ सगळं झाडायचं. आजोबा स्वतःची पाळी नसतानाही झाडतात, आमची पाळी असताना जरा जोरात झाडतात. चिठ्ठीत त्यांनी लिहिलं होतं: ‘प्रिय शेजारी, रिळावर गुंडाळलेल्या वायरीतून गाडी भरल्यास वायर तापते. वायर पूर्ण उलगडावी. पूर्ण उलगडल्यास ती फुटपाथवर येते. फुटपाथवर वायर टाकण्यास मनाई आहे. स्नेहपूर्वक.’ सदाशिव पेठेतल्या कुठल्याही फाटकावर ही चिठ्ठी एक शब्द न बदलता शोभली असती. फक्त ‘स्नेहपूर्वक’ गाळावं लागलं असतं.

मग म्हटलं, कायद्याचा रस्ता धरू. डिसेंबर 2020 पासून जर्मनीत फ्लॅटमालकाला आपल्या पार्किंगमध्ये चार्जिंगची सोय मागायचा हक्क आहे. हक्क मागायचा कुठे, तर इमारतीतल्या मालकांच्या वार्षिक सभेत. विषयपत्रिकेवर माझा विषय नववा होता. तिसरा विषय, जिन्यातला दिवा आपोआप 3 मिनिटांनी बंद व्हावा की 4. दोन्ही बाजूंनी अभ्यास करून माणसं आली होती. एक काकू स्टॉपवॉच घेऊन आल्या होत्या. त्यांनी हातात दोन पिशव्या धरून तिसरा मजला गाठायला किती वेळ लागतो ते मोजलं होतं. रात्री पावणेअकराला साडेतीन मिनिटांवर तडजोड झाली आणि उरलेले विषय पुढच्या वर्षावर गेले. मला कोथरूडच्या सोसायटीत बसल्यासारखंच वाटत होतं. फरक इतकाच, की इथे वेफर्स नव्हते, आणि मध्येच चिडून निघून गेलेल्या गृहस्थांनी जाताना आपली खुर्ची सरळ करून ठेवली.

राहता राहिला सार्वजनिक चार्जर. आमच्या गावातले दोन चार्जर बाजारपेठेच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये आहेत. तिथे गेलो. चार्जरवर मोठ्या अक्षरात 22 किलोवॉट. पण बहुतेक प्लग-इन हायब्रिडांच्या घशाखाली एवढी वीज उतरत नाही, माझी गाडी घेते 3.7. म्हणजे भरायला साडेतीन तास. आणि 4 तासांनंतर जागा अडवल्याबद्दल मिनिटागणिक दंड. एक सिनेमा बघितला तर बॅटरी अर्धी, दोन बघितले तर दंड. ठीक आहे म्हटलं, वायर लावली. सुरू करायला अ‍ॅप लागतं. अ‍ॅपला नेट लागतं. तळघरात नेट नाही. मग वायर तशीच ठेवून जिना चढून वर रस्त्यावर आलो, नेट आलं, ‘सुरू’ दाबलं, तर अ‍ॅप म्हणालं: वायर लावून एका मिनिटाच्या आत दाबा. धावत खाली, वायर काढायला गेलो, तर ती चार्जरनं आतून धरून ठेवलेली. वीज देत नाही आणि वायरही सोडत नाही. पुन्हा वर येऊन हेल्पलाइनला फोन केला. बराच वेळ पियानो ऐकल्यावर एक बाई आल्या.

"चार्जरच्या स्क्रीनवर काय दिसतंय?"

"मी वर रस्त्यावर आहे. खाली फोन लागत नाही."

"मग खाली जाऊन बघा आणि सांगा."

"खाली गेलो की फोन तुटेल."

"हरकत नाही," त्या म्हणाल्या, "पुन्हा लावा."

पियानोचा तो तुकडा मला आता पाठ आहे. वायर अखेर सुटली, कारण त्यांनी तिकडून चार्जर बंद करून चालू केला. खाली गेलो तेव्हा माझ्या मागे एक पूर्ण इलेक्ट्रिक गाडीवाला उभा होता, हातात वायर, चेहऱ्यावर भाव असा, की लग्नाच्या पंगतीत दोनदा जेवणारा माणूस पकडला आहे. त्याच्या बाजूनं बरोबरच होतं म्हणा. त्याच्याकडे टाकी नव्हती.

हिवाळ्याबद्दल तर बोलायलाच नको. थंडीत बॅटरी भरलेली असली तरी हीटर लावला की आमच्या गाडीचं इंजिन गुरगुरून सुरू होतं, कारण उबेसाठी तिला इंजिन लागतं. एवढा खटाटोप करून भरलेल्या विजेवर आपण चाललो आहोत आणि पाय गरम राहावेत म्हणून पेट्रोल जळतं आहे, हे एकदा कळलं की खिडकीतून वायर सोडायचा उत्साह कमी होतो. मी तर म्हणेन, तो टिकवून धरणं हाच दुराग्रह आहे.

अशा परिस्थितीत पुण्याहून बाबा आले. नव्वद दिवसांचा व्हिसा. विमानतळावर गाडीभोवती चक्कर मारून त्यांनी टायरला बूट लावला.

"किती देते?"

"कागदावर 67."

"आणि तुला?"

मी रस्त्यावरच्या रहदारीकडे लक्ष द्यायला सुरुवात केली. घरी पोचेपर्यंत त्यांनी माझ्याकडून सगळं यंत्र समजावून घेतलं. इंजिन, मोटर, बॅटरी, वायर. ऐकून झाल्यावर म्हणाले, "मग यात नवीन काय काढलंत? आपली लुना होती की. पेट्रोलवर चालायची आणि पायडलवरही."

"तुम्ही पायडल कधी मारायचात?"

"पेट्रोल संपलं की," बाबा म्हणाले. मग जरा आठवून, "पंप दिसेपर्यंत."

त्या क्षणी मला जी मनःशांती लाभली ती दहा दिवसांच्या विपश्यनेनंही लाभली नसती. कायनेटिकची लुना 1972 साली बाजारात आली. शिक्षक, पोस्टमन, एलआयसीचे एजंट, मागे बायको आणि पुढे भाजीची पिशवी घेतलेले कारकून, अख्खा महाराष्ट्र वर्षानुवर्षं हायब्रिड वाहनावर हिंडत होता. त्यातल्या कोणी टाकीत पेट्रोल असताना, हवा चांगली आहे, प्रकृतीला बरं, म्हणून लुनाला पायडल मारलं होतं? चढावर ती दमायला लागली तर मारलं असेल, तेही मागचा माणूस उतरायला तयार नसेल तर. ही आमच्याकडची परंपरा आहे. श्टुटगार्टला ती आता पोचली.

पण बाबांची पिढी वेगळी. दुसऱ्या दिवशीच त्यांनी चार्जिंग खातं स्वतःकडे घेतलं. डिकीतली पिशवी उघडून लेबलवरच्या सूचना खरोखर वाचल्या. रीळ पूर्ण उलगडलं आणि ती सगळी वायर फुटपाथला स्पर्श न करता बाल्कनीच्या कठड्यावरून, कुंड्यांच्या मागून, पागोळीच्या पाइपला गुंडाळत अशी आणली, की वरचे आजोबा झाडू घेऊन खाली आले ते बघतच राहिले. बाबांना जर्मन येत नाही, आजोबांना इंग्रजी नाही. दोघं वायरीपाशी वाकले. बाबांनी प्लगला पालथा हात लावून बघितला, ताप आलेल्या पोराच्या कपाळाला लावतात तसा. आजोबांनीही पालथा हात लावला. दोघांनी माना डोलावल्या. दुसऱ्या दिवशी आजोबांनी तळघरातून लाकडाचे दोन ठोकळे आणून जोडाखाली ठेवले, पावसाचं पाणी लागू नये म्हणून. माझ्याशी त्यांचा एवढा संवाद इतक्या वर्षांत झालेला नाही.

रोज संध्याकाळी मीटरचं रीडिंग, रोज सकाळी मीटरचं रीडिंग, दोन्ही डायरीत. गाडी विजेवर चालू लागली. पंपावरच्या बाईनं, मी एकदा टायरमध्ये हवा भरायला गेलो तर, तब्येत बरी आहे ना, असं विचारलं. रविवारी बाबांना श्वाबिश आल्बच्या डोंगरात फिरायला नेलं. परतीच्या उतारावर कात्रजच्या घाटातली सवय उफाळून आली. "न्यूट्रल कर, न्यूट्रल कर! उतारावर कशाला जाळतोस?" मी त्यांना समजावलं, की या गाडीत न्यूट्रल करायची गरज नाही. उतारावर पाय काढला की चाकंच मोटर फिरवतात आणि वीज बॅटरीत जमा होते. पायथ्याशी आलो तेव्हा पडद्यावर 3 किलोमीटर जास्त दाखवत होतं.

"म्हणजे उतरायचे पैसे मिळाले?"

"तसंच म्हणायचं."

"मग फिरव गाडी. परत वर जाऊ."

महिना संपला. बाबांनी डायरी उघडली, चष्मा पुसला. "विजेचा आकडा माझ्याकडे आहे. आता पेट्रोलचा सांग. आधीच्या महिन्यांची बिलं काढ. किती वाचले ते बघू."

"बिलं माझ्याकडे नसतात. पंपावर कंपनीचं कार्ड चालतं."

"म्हणजे पेट्रोलचे पैसे कोण भरतं?"

"कंपनी."

"घरच्या कामालासुद्धा?"

"हो."

"आणि वीज?"

"आपली."

बाबांनी पेन उचललं. रात्रीची 13 युनिट. युनिटला 35 सेंट. 4 युरो 55 सेंट. युरोचे शंभर रुपये. खोलीत काही काळ फक्त फ्रिजचा आवाज येत होता.

"रोज रात्री साडेचारशे रुपये?"

"कंपनी घरच्या विजेचेही पैसे देते म्हणे. वेगळा मीटर बसवायचा, दर महिन्याला त्याचा फोटो काढायचा, फॉर्म भरून दोन विभागांच्या सह्या..."

"म्हणजे देत नाही," बाबा म्हणाले. "काढ ती वायर."

डायरीत त्या तारखेखाली लाल रेघ आहे. वायर गुंडाळत असताना आजोबा खाली आले. बाबांनी त्यांना हातवारे करून सगळं समजावलं: खिडकीकडे बोट, मग स्वतःच्या खिशाकडे, टाकीकडे बोट, मग लांब कुठे तरी, ऑफिसच्या दिशेला. आजोबांनी क्षणभर विचार केला, खाली वाकून आपले दोन ठोकळे उचलले आणि वायरीचं दुसरं टोक स्वतः गुंडाळायला घेतलं. बाबांचा उरलेला मुक्काम पेट्रोलवर झाला आणि आनंदात झाला. शेवटच्या शनिवारी वीसलोखला गेलो. 1888 साली बेर्था बेंझ नवऱ्याला न सांगता त्याची मोटार घेऊन मानहाइमहून माहेरी प्फोर्त्सहाइमला निघाली, तेव्हा वाटेत या गावातल्या औषधांच्या दुकानातून तिनं इंधन विकत घेतलं. जगातला पहिला पेट्रोल पंप म्हणून ते दुकान दाखवतात. बाबांनी सगळी माहिती शांतपणे ऐकून घेतली.

"पावती कोणाच्या नावावर फाडली?" त्यांनी विचारलं.

बाबांनी डायरीत जे केलं ते युरोपभर लोकांनी न लिहिताच केलेलं होतं. आयसीसीटी आणि जर्मनीतल्या फ्राउनहोफर या संस्थांनी 2022 साली युरोपातल्या प्लग-इन हायब्रिड गाड्यांचा हिशोब मांडला. ज्यांनी स्वतःच्या पैशानं गाडी घेतली आहे ते निम्म्याच्या आसपास अंतर विजेवर कापतात, 45 ते 49 टक्के. कंपनीच्या गाडीवाले 11 ते 15 टक्के. ब्रिटनमध्ये तर 2018 सालीच बातमी आली होती, की कंपनीच्या गाड्या परत आल्या तेव्हा काहींच्या डिकीत वायर कारखान्यातल्या वेष्टनातच होती. मला ते वाचून जरा कमीपणा वाटला. आमच्या वायरीचं वेष्टन मी पहिल्याच दिवशी काढलं होतं.

हे सगळं आपापसात राहिलं असतं. पण 2021 पासून युरोपातल्या नव्या गाड्यांत प्रत्यक्षात किती इंधन जळलं हे मोजणारा मीटर बसवलेला असतो, आणि तो आकडा यथावकाश ब्रसेल्सला पोचतो. म्हणजे आपण ज्या गाडीला प्रेमानं धुतो-पुसतो, ती मागून चहाड्या करते. मार्च 2024 मध्ये युरोपीय आयोगानं निकाल लावला: प्लग-इन हायब्रिड गाड्या कागदावरच्यापेक्षा प्रत्यक्षात सरासरी साडेतीन पट कार्बन डायऑक्साइड सोडतात. मी माझा हिशोब केला. पाचपटीच्या वर. सरासरीच्या पुढे मी शाळेनंतर प्रथमच गेलो.

यथावकाश आमच्या ऑफिसातल्या गाड्यांच्या विभागानंही परिपत्रक काढलं. पुढची गाडी हवी असेल तर निम्मं अंतर विजेवर कापलेलं दाखवा. गाडीच्या अ‍ॅपमध्ये विजेवरचं अंतर दाखवणारा हिरवा गोल असतो, त्याचा स्क्रीनशॉट पाठवा. ऑफिसच्या पार्किंगमध्ये चार्जर चार आणि वायरी असलेल्या गाड्या साठ. माणसं सकाळी साडेसहाला यायला लागली. दोन-दोन तासांच्या पाळ्यांची एक्सेल शीट निघाली, तिच्यावरून भांडणं निघाली, मग दुसरी शीट निघाली, पहिल्या शीटमध्ये कोणी फेरफार केले ते शोधायला. "मला गाडी हलवायची आहे" हे मीटिंगमधून उठायचं सर्वात प्रतिष्ठित कारण झालं. पूर्वी बायकोचं बाळंतपण जवळ आलेल्या माणसालाही एवढ्या झटपट वाट करून देत नसत.

या सगळ्या धामधुमीत आमचा नागपूरकर मित्र शांत होता. तो राहतो हेरेनबर्गला, ऑफिसला ए 81 हायवेनं येतो, आणि चार्जरच्या रांगेत एकदाही दिसला नव्हता. तरी त्याच्या अ‍ॅपमध्ये 58 टक्के हिरवं.

"कसं काय?"

"काय टेन्शन घेऊन राहिला बे? बटन आहे ना गाडीत."

बटण खरोखर आहे, माझ्याही गाडीत आहे. ते दाबलं की इंजिन चाकं फिरवता फिरवता बॅटरीही भरतं. हायवेवर पेट्रोल जाळून वीज बनवायची आणि गावात शिरलं की ती वीज ऐटीत वापरायची. अ‍ॅपला वीज कुठून आली याच्याशी कर्तव्य नाही.

"पण पेट्रोल?"

"नऊ देऊन राहिली लिटरला. पण ते बिल दुसऱ्या डिपार्टमेंटला जाते." मग जरा दुखावल्यासारखा म्हणाला, "फर्डिनांड पोर्शेनं 1900 साली हेच केलं होतं. पेट्रोल इंजिनावर वीज बनवायची, विजेवर चाकं फिरवायची. त्याला म्युझियममध्ये ठेवलं बे लोकांनी."

नागपूरकराला म्युझियममध्ये नाही, पण कॅन्टीनमधल्या व्यासपीठावर नेलं. गाड्यांच्या विभागाच्या यादीत सर्वात हिरवा गोल त्याचा निघाल्यामुळे त्याला एक प्रशस्तिपत्र, एक बांबूचा डबा आणि सहकाऱ्यांना अनुभव सांगायला वीस मिनिटं देण्यात आली. तो झकास बोलला. शिस्त म्हणाला, सातत्य म्हणाला, प्रवासाचं नियोजन म्हणाला. खोटं एक अक्षर बोलला नाही. शेवटी प्रश्न आले. हॅम्बुर्गच्या ऑफिसातून पडद्यावर जोडलेल्या एका बाईंनी विचारलं, "तुम्ही चार्जर कोणता वापरता?"

नागपूरकरानं माझ्याकडे पाहिलं. मी बांबूच्या डब्याकडे पाहिलं.

"ए 81," तो म्हणाला.

कॅन्टीनमध्ये चार-पाच जणांना एकदम खोकला झाला. बाईंनी ते वहीत लिहून घेतलेलं पडद्यावर स्पष्ट दिसलं. मग त्यांनी मान वर केली आणि विचारलं, "भिंतीवर बसवून घ्यायला किती खर्च येतो?"